जवळचा डोळा

काळा नायलॉनचा पायमोजा लेन्सच्या तोंडावर ताणून त्यानं वरून रबरबँड चढवलं आणि वाकून बघणार, तोच मागून एक हात आला आणि पायमोजा ओढून घेतला. रबरबँड उडून भिंतीवर आपटलं.

"हे काय आहे?"

"नायलॉन आहे, ताई. यानं चेहरा मऊ येतो."

"ते दिसतंय मला. हिच्या तोंडावर कशाला घालतोस?"

"तोंडावर नाही, लेन्सवर."

"एकच ते."

स्टुलावर बसलेली तिकीटवाली दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. ती म्हणाली, "धुतलेला आहे ना पण?"

भावाला धंद्यातले लोक 'लोणी' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. त्याच्या फोटोत कुणाच्या गालावर खड्डा नसे, कपाळावर आठी नसे, म्हाताऱ्या गळ्यावर सुरकुती नसे. मागची भिंत, भिंतीचा पोपडा, कोपऱ्यातला झाडू, सगळं विरघळून दुधासारखं होई. निम्मा दिवस तो सोनारांसाठी अंगठ्या नि कर्णफुलं टिपायचा. त्यासाठी त्याच्याकडे मॅक्रो लेन्स होती, मुंगीच्या पायावरची लव दाखवणारी. आणि उरलेला निम्मा दिवस त्याच लेन्सनं तो माणसांना असं गुळगुळीत करायचा, की आईनं लेकराला ओळखू नये. हे शेवटचं ताईचं मत. ताई मत मनात ठेवणाऱ्यांतली नव्हती. "तू फोटो काढत नाहीस, सारवतोस," असं ती चार माणसांत म्हणायची, आणि तो हसायचा.

ताई डोळे बनवायची.

इस्पितळाच्या तळघरात, धुण्याच्या खोलीला लागून तिची खोली होती. ज्यांचा डोळा गेला, ते तिच्याकडे यायचे. रिकाम्या खोबणीचा ती मेणात ठसा घ्यायची, त्यावरून अॅक्रिलिकचा कवचासारखा डोळा घडवायची. मग माणसाला समोर बसवून, त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत, एका इवल्याशा चकतीवर बुबुळ रंगवायची. एक थर, तो सुकू द्यायचा, मग दुसरा. लाल रेशमाचा धागा उसवून त्याचे तंतू पांढऱ्या भागावर चिकटवायची. त्या शिरा. सगळ्यात शेवटी मधली काळी बाहुली. एका डोळ्याला दिवसच्या दिवस लागत. कुणी म्हणालं, "होईल ना लवकर?" तर ती म्हणायची, "देवाला नऊ महिने देता, मला घाई करता?"

आणि आता इस्पितळाच्या समितीला डबा आवडला होता.

डबा म्हणजे खराच डबा. आत मखमलीचे कप्पे, कप्प्यांत तयार डोळे. तपकिरी, गडद तपकिरी, फिकट तपकिरी, काळसर. माणूस आला की डबा उघडायचा, त्यातल्या त्यात जुळणारा उचलायचा, बसवायचा आणि म्हणायचं, पुढचा. चपलांच्या दुकानात यापेक्षा जास्त मापं असतात. पण डबा झटपट होता, आणि झटपट हा शब्द ऐकला की समितीच्या लोकांचे चेहरे उजळतात. तळघरातली खोली चालू ठेवायची की तिला कुलूप घालायचं, हे उद्या सकाळी ठरणार होतं. ताईला निरोप आला होता: पेशंट आणू नका, गर्दी होते. फोटो आणा. आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या फोटोवर कृत्रिम डोळा कुठला, ते बाणानं दाखवा.

"आधीचा मिळणार नाही," ताईनं निरोप आणणाऱ्यालाच सुनावलं होतं. "कुणाची खोबण दाखवून मला खोली वाचवायची नाही."

म्हणून आज ती, भाऊ आणि तिकीटवाली, तिघं भावाच्या स्टुडिओत होती. तिकीटवाली बसस्थानकाच्या खिडकीत बसायची. तिचा एक डोळा कसा गेला, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. एकाला सांगितलं, कावळ्यानं नेला. दुसऱ्याला सांगितलं, पैजेत हरले. डेपोच्या साहेबांना सांगितलं, तुमची वाट बघून गेला. नवा डोळा बसवायच्या आधी कित्येक वर्षं ती काळा चष्मा घालून तिकिटं फाडत होती. आता चष्मा टाकून दिला होता. फोटोला येशील का, असं ताईनं विचारलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "केस धुऊन येऊ का?"

ताईनं पायमोज्याची घडी करून ती भावाच्या खिशात कोंबली.

"स्वच्छ फोटो काढ. एकूण एक छिद्र दिसू दे. शीर न् शीर दिसू दे. लोकांनी जवळून बघावं म्हणून केलंय मी ते. तू त्यावर साय धरू नकोस."

"अगं, पण मोठ्यांसमोर जाणार फोटो. जरा बरा..."

"बराच आहे तो. तुझ्या लोण्याशिवाय बरा आहे."

भावानं खांदे उडवले. सगळे दिवे लावले. छत्रीवाला, पेटीवाला, खालून मारायचा छोटा. लेन्सचं अॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं तोंड. ते त्यानं अगदी बारीक केलं, म्हणजे पुढचं मागचं सगळं सारखं स्पष्ट येतं. तिकीटवालीला समोर सरळ बघायला सांगितलं. खटका वाजला.

फोटो पडद्यावर आला.

सगळं होतं त्यात. नाकावरची छिद्रं, भुवईतला पांढरा केस, ओठावरची भेग. आणि दोन डोळे. एका डोळ्याची बाहुली दिव्यांच्या माऱ्यानं आकसून मोहरीएवढी झाली होती. दुसरी होती तशीच होती. मोठी, काळी, निवांत. लहान पोरानंही बोट ठेवून सांगितलं असतं, खोटा कुठला.

"अगंबाई," तिकीटवाली म्हणाली. "एक घाबरलाय आणि एक झोपलाय."

भावाला वाटलं, ताई आता फुटणार. ती फुटली नाही. तिनं पडद्यावरच्या त्या मोठ्या बाहुलीवर बोट टेकवलं आणि ते तिथंच ठेवलं.

"हा या उजेडासाठी केलेलाच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खरी बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. माझी होत नाही. मला एकच माप निवडावं लागतं. मग मी बघते, हा माणूस दिवसाचा जास्त वेळ कुठल्या उजेडात असतो. लोक याला कुठं बघतात." ती तिकीटवालीकडे वळली. "हिच्यासाठी मी खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. सकाळी, दुपारी. ही चष्मा काढायला तयार नव्हती, मग तिकीट मागता मागता म्हणायचे, अगं, जरा चष्मा वर कर, सुट्टे नीट बघ."

"त्या तुम्ही मुद्दाम यायच्या होय?" तिकीटवाली म्हणाली. "मला वाटलं, या बाईच्या घरात काहीतरी बिनसलंय. रोज उठून कुठल्या तरी गावाला निघते आणि जात नाही."

भाऊ हसला नाही. तो पडद्यापासून उठला आणि एकेक दिवा बंद करत गेला. छत्रीवाला, पेटीवाला, खालचा. खोलीत रस्त्याकडच्या खिडकीचा उजेड तेवढा उरला.

"तुमच्या खिडकीत उजेड कुठून येतो?" त्यानं विचारलं.

"डावीकडून. वरती एक काच आहे. तिच्यावर कबुतरांनी कृपा केलेली आहे, त्यामुळे फार काही येत नाही."

त्यानं स्टूल उचलून खिडकीच्या उजवीकडे ठेवलं. काचेवर पातळ कागद लावला, अर्धा खाली सोडला, थोडा वर घेतला. ताई तिकीटवालीच्या समोर उकिडवी बसून तिच्या खऱ्या डोळ्यात बघत होती, जशी तळघरात बघते तशी, श्वास धरून.

"अजून," ती म्हणाली. "अजून जरा मोठी होऊ दे. कागद खाली घे. आता जास्त झालं. वर घे. थांब. बस."

दोन्ही बाहुल्या सारख्या झाल्या होत्या.

भाऊ कॅमेऱ्यामागे गेला. त्यानं काहीतरी फिरवलं आणि न बघताच म्हणाला, "ताई, आधीच सांगून ठेवतो. एवढ्याशा उजेडात मला अॅपर्चर पूर्ण उघडावं लागणार. शटर जास्त वेळ उघडं ठेवू म्हणशील, तर त्या श्वास घेणार, पापणी मारणार, सगळं हलणार. आणि इतक्या जवळून, पूर्ण उघड्या लेन्सनं, नखाच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट येतं. मान जरा वळली की एकच डोळा येईल. दुसरा आणि बाकीचं सगळं धूसर."

"म्हणजे फिरून फिरून लोणीच."

"नाही."

हा 'नाही' त्यानं ज्या आवाजात म्हटला, तो आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता. तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला. खिशातून पायमोजा काढला आणि तिच्यासमोर धरला.

"हा लावला की सगळ्यावर सारखीच साय येते. चांगल्यावरही, वाईटावरही. गिऱ्हाईक मागतं, मी देतो. सारवणं म्हणतेस ते हे, आणि ते खरं आहे. पण अॅपर्चर उघडून मागचं मऊ करणं म्हणजे हे नव्हे. त्यात मी एकाला पुढे बोलावतो आणि बाकीच्यांना म्हणतो, जरा मागे थांबा. ते मागे असतातच. नाहीसे होत नाहीत. मला ठरवावं लागतं कोण पुढे, आणि केसभर चुकलो तर ते सगळं वाया जातं. तू एक चकती रंगवायला दिवसच्या दिवस घेतेस, ते कौतुकाचं. मी एक अंगठी टिपायला सकाळ घालवतो, ते सारवणं." तो थांबला. "आणि सगळं स्वच्छ दाखवलं की खरं दिसतं, हे तुझं म्हणणं. आत्ताच बघितलंस, काय दिसलं ते."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला लाथा मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"भांडून झालं की सांगा," तिकीटवाली म्हणाली. "माझा एक डोळा आत्ता दमलाय. दुसरा बसेल लागेल तेवढा वेळ."

ताई उठली. गुडघे झटकले. "माझ्या डोळ्यावर घे," ती भावाला म्हणाली. बोलण्यात माघार नव्हती, पण पुढचे शब्द तिनं गिळले, हे त्याला दिसलं.

"बाई, तुमचा कुठला त्यातला?" तिकीटवाली म्हणाली. "दोन्ही माझेच आहेत."

खटका वाजला. पुन्हा वाजला. प्रत्येक खटक्याआधी भाऊ तसूभर पुढं व्हायचा, तसूभर मागं यायचा, आणि थांबायचा. शेवटी त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि एक फोटो निवडून मोठा करत नेला. गाल गेला, नाक गेलं, पापण्या गेल्या. पडदाभर एकच बुबुळ उरलं, आजूबाजूला थोडं पांढरं. बुबुळावर खिडकीचा चौकोन चमकत होता.

ताई पुढं वाकली. मग तिनं जे बोलायला सुरुवात केली, ते थांबेचना.

"हा करडा ठिपका खाली आलाय. मुद्दाम टाकल्यासारखा दिसतो. आणि ही कड बघ, बुबुळाची. एवढी ठळक कड कुणाची असते? पेन्सिलीनं गिरवल्यासारखी. पांढऱ्यात पिवळं जास्त पडलंय. ही शीर बघ. अशी शीर असते का कुठं? पुढं जाते, वळण घेते नि माघारी येते, पाहुण्यासारखी. घाई केली मी. कुठंतरी घाई केलीच." तिनं कपाळावर हात मारला. "उद्या कुणी म्हणालं ना, की डब्यातले डोळे आणि हा सारखेच खोटे, तर मी काय तोंडानं बोलू? बदलते मी हा. तू चार दिवस थांबा म्हणून सांग त्यांना. मी नवीन करते."

तिकीटवाली स्टुलावरून उठून कधीच त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं पडद्याकडे बघितलं. तोंडावर हात ठेवला.

"बाई, तो माझा आहे."

"हो, तुझाच. पण..."

"तसा नाही. आईच्या पोटातून आणलेला. तेवढा काढू नका. तेवढ्यानंच दिसतं मला."

भावानं हळूहळू फोटो लहान केला. पापण्या आल्या. नाक आलं. मान किंचित वळलेली होती. पुढचा, लखलखीत डोळा तिचा स्वतःचा होता. आणि नाकाच्या पलीकडे, गालाच्या उतारावर, मऊ उजेडात मागे थांबलेला दुसरा. तो कडांना विरत होता, पण बघत होता. पुढचा जिकडे बघत होता, तिकडेच.

भाऊ म्हणाला, "चूक माझी. आमच्या धंद्यात जवळचा डोळा पकडतात. हात आपोआप तिकडे गेला."

"आणि मान मी वळवली," तिकीटवाली म्हणाली. "कुणी बोलायला लागलं की मी दिसणारी बाजू पुढं करते. मला कळतही नाही."

ताईनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, घातला. पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकटली. जन्मापासूनच्या डोळ्यात तिनं आत्ताच चार चुका काढल्या होत्या. आणि जो तिनं केला होता, त्याच्याकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. त्याच्यात काही खटकलं नव्हतं. तिनं आपले हात पालथे करून बघितले. नखांच्या कडेला तपकिरी रंग होता, धुऊन न जाणारा.

मग ती एकदम हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. तिकीटवालीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि तीही हसू लागली. भाऊ दोघींकडे बघत बसला. ताईला असं हसताना त्यानं शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्याला आठवेना.

"चला," तो शेवटी म्हणाला. "ताई, आता तुझ्या डोळ्यावर घेऊ. तुम्ही मान इकडे वळवा. ही बाजू पुढं."

तिकीटवाली जाऊन स्टुलावर बसली. मान वळवली. ती जशी वळली तशी माघारी आली, दार वाऱ्यानं परत यावं तशी.

"पुन्हा."

पुन्हा वळवली. पुन्हा आली.

"अगं, काय झालं?" ताईनं विचारलं.

"होत नाहीये." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "सवय नाही हो. बसमध्ये बसले की ही बाजू भिंतीकडे. जेवायला बसले की भिंतीकडे. झोपते तीही ही बाजू उशीत घालून. खिडकीतली खुर्चीसुद्धा मी तिरकी करून घेतलीय. तुमच्याशिवाय या बाजूनं मला कुणी बघितलेलं नाही. नवऱ्यानंही नाही."

भावानं ताईकडे बघितलं. मापं घेताना ताई माणसाची हनुवटी धरून हवी तशी फिरवायची, सुतारानं फळी फिरवावी तशी. आता ती दोन पावलं मागं सरकली आणि हात पाठीमागं बांधले.

"नको असेल तर राहू दे," ती म्हणाली. "एक फोटो झालाय. तेवढ्यानं बघेन मी काय ते."

"एकानं काय होणार?"

"नाही झालं तर खोली जाईल. तुझी मान तुझी आहे."

तिकीटवाली खाली बघत बसली. खिडकीवरचा कागद वाऱ्यानं फुगला, बसला. मग तिनं दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या आणि मान वळवायला लागली. थोडी वळली, थांबली. अजून थोडी. नाक ओलांडून ती बाजू उजेडात आली: गालाचं हाड, कानशिलावरचा जुना व्रण, आणि डोळा. व्रण ताईनं पूर्वी कितीदा बघितला होता, पण तिकीटवालीनं स्वतःहून दाखवलेला आज पहिल्यांदा बघितला.

"घ्या," ती म्हणाली. "लवकर घ्या."

भाऊ वाकला. एका नखाएवढा पुढं झाला, अर्ध्या नखाएवढा मागं.

"नाही," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "सावकाश घ्या. नीट घ्या."

खटका वाजला.

संध्याकाळी त्यानं दोन्ही फोटो छापून कोरडे केले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात खरा डोळा पुढं आणि केलेला मागं. दुसऱ्यात केलेला पुढं आणि खरा मागं. दोन्हींत भिंत नव्हती, स्टूल नव्हतं, खोली नव्हती. मागे नुसता उजेड होता आणि त्यातून वळून बघणारी बाई. भावानं लाल पेन काढलं.

"बाण कुठून काढू? वरून की बाजूनं?"

ताईनं त्याच्या हातातून पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि पाकिटात फोटोंसोबत टाकलं.

"ताई, बाण मागितलाय त्यांनी."

"मागितलाय ना? मग काढतील."

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्याच्या कडेनं बसलेली माणसं, मधोमध मखमलीचा डबा, झाकण उघडं. टेबलाच्या टोकाला मोठे डॉक्टर. हे गेलेले डोळे काढायचे आणि ताई नवे भरायची. इतकी वर्षं दोघांचं काम एकाच्या पुढे एक चाललं होतं, आणि बोलणं जिन्यात भेटण्यापुरतं. तिला कुणी बस म्हणालं नाही. माणसं कागद चाळत होती. कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला.

तिनं पाकीट मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी फोटो काढले, शेजारी शेजारी लावले. आधी सहज बघितले. मग चष्मा कपाळावर चढवून उचलून बघितले.

"फोटो कुणी काढले?"

"माझ्या भावानं," ती म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

"आधीचे नाहीत?"

"नाहीत."

"आणि बाण?"

"पेन पाकिटातच आहे. तुम्ही काढा. दोन्ही फोटोंत बाई एकच, आणि दोन्हींत तिचे दोन्ही डोळे आहेत. एकात एक पुढं घेतलाय, दुसऱ्यात दुसरा. उजेड तोच, दिवस तोच. दोन्ही जवळून बघा. मग काढा. शाईचं पेन आहे, खोडता येणार नाही."

कुणीतरी घसा खाकरला. "बाई, ही काही पद्धत नव्हे."

तिनं त्या दिशेला बघितलंही नाही.

मोठ्या डॉक्टरांनी टोपण काढलं. पेनाचं टोक पहिल्या फोटोवर गेलं, कागदाला लागणार इतक्यात थांबलं. दुसऱ्यावर गेलं. तिथून परत पहिल्यावर आलं. एवढे डोळे कापलेला तो हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारच्याकडे सरकवले आणि पेन वर ठेवलं.

शेजारच्यानं उत्साहानं पेन उचललं. वाकला. उत्साह हळूहळू उतरला. त्यानं पुढे सरकवलं. फोटो आणि पेन टेबलाभोवती फिरत राहिले, डब्याला वळसा घालून. घसा खाकरणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ घेतला. त्यानं खिडकीकडे जाऊनसुद्धा बघितलं. परत येऊन त्यानं फोटो टेबलावर ठेवले, जपून, कोपऱ्यांना धरून.

ते मोठ्या डॉक्टरांपाशी परत आले तेव्हा दोन्ही कोरे होते.

ताईनं भिंतीलगतची एक रिकामी खुर्ची धरली, फरशीवर आवाज करत टेबलापर्यंत ओढत आणली आणि बसली.

मोठ्या डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"खाली तळघरात," ते म्हणाले, "उजेड पुरतो का तुम्हाला?"

"नाही पुरत," ती म्हणाली. "वरची खोली लागेल. उत्तरेला खिडकी असलेली."